माझ्या नावानं

अहो, आधारची झेरॉक्स काढायला चौक गावावरनं कडावला कोण येतं? तुमच्या हायवेवर काय झेरॉक्सची दुकानं कमी हायेत? — नाय, काढून देतो की, दोन्ही बाजू एकाच पानावर घेऊ — पण पाहुणे, सरळ विचारा ना. गाडी तुमी देवळापाशी लावली, दोनदा दुकानासमोरनं गेलात, मंग आत आलात. मुलीची चौकशी हाय. हाय ना? मंग. मला कळतं. ह्या खुर्चीवर बसून अर्ध्या गावाची लग्नं ठरलीत. मुलगा पितो का, मुलीचं वळण कसं, घरात भांडणं किती — लोक आधी इथं येतात. का, तर देवेश कुणाची बाजू घेत नाय. चहा सांगू? बरं, राहू दे. कुणाची मुलगी म्हणालात? — चांगोकाकांची? समिधा?

बरं.

चांगली हाय की. कामाला वाघीण हाय. बारावीला सायन्स, आमच्या गावात पहिली आली ती. आता कळंबला एका रिसॉर्टवर जाते, चादरी, टॉवेल, खोल्यांचं काम बघते. दिसायला तुमी बघितलीच असेल. चांगोकाका साधा माणूस, गौराकाकी तर देवमाणूस. दीड एकर भात, मागनं वाल, दोन म्हशी. अजून काय पाहिजे? — काय म्हणाले? कळंबच्या लोकांनी? आधीचं स्थळ आलेलं ते? हां, ते फिसकटलं, दिवाळीच्या आधी. — खोटं बोलते असं म्हणाले? नर्सिंगला निवड झाली म्हणून गावभर पेढे वाटले आणि कुठं काय नव्हतं? — हां. म्हणतात तसं. लोक म्हणतात, पाहुणे. मी नाय म्हणत. — माझं नाव घेतलं? देवेश म्हणाला असं सांगितलं तुमाला? मी एवढंच म्हटलं व्हतं की पोरगी गुणाची हाय, फक्त जरा मनात आलं ते बोलून जाते. एवढंच. त्यात काय वाईट बोललो मी? — नाय, बोललो खरा. तुमी असं बघू नका माझ्याकडं.

तुमाला समजायला पाहिजे आमच्याकडं कसं चालतं ते. कसलाही ऑनलाइन फॉर्म घ्या, त्यात ई-मेलचा रकाना असतो, शेजारी लाल चांदणी. तो भरल्याशिवाय फॉर्म पुढं सरकत नाय. आता इथं ई-मेल कुणाचा हाय? पोरांनी फोन घेताना काढलेला असतो, पासवर्ड दुसऱ्या दिवशी विसरलेला असतो. मंग काय म्हणतात — देवेशभाऊ, तुमचाच टाका. टाकला. पहिल्यांदा पदू दूधवाल्याच्या म्हशीच्या विम्याला टाकला, त्याला झाली अकरा वर्षं. मंग जातीचे दाखले, भरतीचे फॉर्म, कॉलेजं, पेन्शनी — कडाव आणि आजूबाजूच्या पाच-सहा वाड्या धरून तीनशे घरांचा ई-मेल मी एकटा. हसू नका, अभिमान व्हता मला त्याचा. सकाळी नऊला दुकान उघडलं की उदबत्ती, आणि उदबत्तीनंतर मेल. ज्याचं यायचंय त्याचं नाव ह्या वहीत, आलं की त्यावर खूण. आणि मंग रस्त्यानं जा, नळावर जा, मयतीला जा — लोक विचारणार, आलं का रं? आणि मी म्हणणार, नाय अजून. दिवसातनं तीस-चाळीस वेळा. नाय अजून, नाय अजून. झोपेत विचारलं असतं तरी तेच म्हणालो असतो.

समिधाचा फॉर्म मीच भरला. एक मोठं धर्मादाय इस्पितळ हाय, तीन वर्षांचा नर्सिंगचा कोर्स, राहणं-जेवणं तिकडंच, आणि शिकून झालं की तिथंच नोकरी. चाळीस जागा. परीक्षा दिली, मुलाखत दिली, मुलाखतीतल्या बाई तिला म्हणाल्या, बाळ, तू तयारीला लाग. ते तिनं आईला सांगितलं, आईनं गावाला सांगितलं, चांगोकाकांनी पेढे आणले. निवडीचं पत्र ई-मेलनंच येणार, फोन नाय, टपाल नाय, असं त्यांनी फॉर्मावर छापलेलंच व्हतं. ती मला म्हणाली, दादा, माझं रोज बघाल ना? म्हटलं, बघतो की. वहीत नाव लिहायला लाल पेन तिच्याच हातात दिलं. इथं, हे बघा. हे तिनं स्वतः लिहिलंय.

आणि त्याच आषाढात माझ्यामागं ते लागलं. एक दिवस मेल उघडतो तर सहाशे. सगळे इंग्रजी, सगळे एका तऱ्हेचे — तुमचा मेल पोचला नाय, हा पत्ता बंद हाय, परत पाठवत हावोत. अरे, पण मी कुणाला काय पाठवलंच नाय तर परत काय येतं? दुपारपर्यंत दोन हजार झाले. मंग कळलं की माझं नाव, माझा पत्ता लावून कुणीतरी जगभर मेल सोडत व्हता — तुमचं पार्सल अडकलंय, इथं दाबा. जे पत्ते बंद व्हते तिथनं ते माझ्या अंगावर परत येत व्हते, आणि जे चालू व्हते तिथनं शिव्या. एक म्हातारा मास्तर व्हता कुठला तरी, तो रोज लिहायचा, साहेब, माझ्या बायकोचं औषध हाय हो त्या पार्सलात, सोडा. त्याला मी लिहिलं, बाबा, मी तो नाय. तर म्हणतो, मंग नाव तुमचं कसं? — काय सांगणार? मी पासवर्ड बदलला. पाच वेळा बदलला. तालुक्याला पोलीस ठाण्यात जाऊन अर्ज दिला. तिथल्या बाईंनी नीट समजावलं, म्हणाल्या, तुमच्या घरात कुणी शिरलेलंच नाय तर कुलूप बदलून काय उपयोग? पाकिटावर पाठवणाऱ्याचं नाव कुणीपण कुणाचंपण लिहितो, तसं हाय हे. म्हटलं, थांबणार कधी? म्हणाल्या, त्यांना दुसरं नाव मिळालं की थांबेल. आणि तसंच झालं, गणपतीत आपोआप थांबलं. कोण व्हता, कुठला व्हता, मला आजपर्यंत ठाऊक नाय. त्यालापण ठाऊक नसेल की कडाव कुठं हाय.

पण गावानं मला एका शब्दानं बोल लावला नाय, हे पण सांगतो. पदूच्या पोराच्या फोनवर पण आला तो मेल, माझ्याच नावानं. दुधाचे कॅन गाडीवर तसेच ठेवून पळत आला, म्हणतो, देवेश, तुझ्या नावानं कोण भडवा भलतंच पाठवतोय रं? दुसरं काय त्याच्या मनातच आलं नाय. कुणाच्याच नाय आलं.

तर रोजचे तीन-चार हजार. त्यात आपल्या माणसांची खरी पत्रं किती, तर दिवसाला पाच, सहा. तांदळात खडे असतात तशी नाय, खड्यात तांदूळ. पहिले चार दिवस एकेक करून बघितली. डोळे लाल झाले, डोकं दुखायला लागलं, इकडं पीकविम्याची मुदत, दुकानात रांग. मंग शनिवारी मी काय केलं — वर एक छोटा चौकोन असतो, त्यावर दाबलं की सगळं एकदम निवडलं जातं. आणि डिलीट. सगळं साफ. काय हलकं वाटलं म्हणून सांगू तुमाला. — तुमी म्हणाल, नाव टाकून शोधता येत नव्हतं? येत व्हतं. दोन मिनिटांचं काम. वही इथंच, अशीच उघडी व्हती. नाय शोधलं. त्यात तिचं पत्र गेलं असेल. असेल म्हणजे — गेलं. शुक्रवारी संध्याकाळी आलेलं, शनिवारी सकाळी मी पुसलं.

पण चूक व्हते ना माणसाच्या हातून? रोज चार हजार मेल कुणाच्याही अंगावर टाकून बघा. मी काय मुद्दाम केलं? ज्यानं माझं नाव चोरलं त्याला विचारा की हे. — काय? कधी कळलं मला?

तुमी गॅरेजवाले ना? नखांत ऑइल दिसतंय. तरीच. आवाज कुठनं येतोय ते बरोबर कान लावून ऐकता.

सोमवारी कळलं. पुसलेलं लगेच जात नाय, एका पेटीत पडून राहतं महिनाभर. गावातल्या हिरामणचं जात पडताळणीचं पत्र हरवलं म्हणून मी त्या पेटीत बघायला गेलो आणि समोर तिचं नाव. निवड झालेली. चाळिसात अकरावी. खाली लिहिलेलं, सोबतच्या कागदावर उमेदवाराची आणि पालकाची सही घेऊन सोमवारी संध्याकाळी पाचपर्यंत ह्याच पत्त्यावर पाठवा, नायतर जागा पुढच्या नावाला जाईल. साडेअकरा वाजलेले. सोमवारचे, पाहुणे. साडेपाच तास हातात व्हते. मी लगेच छापलं. घडी घालून शर्टाच्या खिशात घातलं, दुकान तसंच उघडं टाकलं, गाडीला किक मारली. देवाशपथ सांगतो, निघालो तेव्हा मी तिला सांगायलाच निघालो व्हतो. मनात म्हणत व्हतो, सांगायचं, काकी, माझ्याकडनं चूक झाली, पण वेळ हाय अजून, चला सही करा.

लावणी चालू व्हती त्यांची. रस्त्याला लागूनच शेत हाय. आठ-दहा बाया ओळीनं वाकलेल्या, समिधा पलीकडं बांधावर भाताच्या आवणाच्या मुठी टाकत व्हती, चांगोकाका वर चिखल करत व्हते. मी गाडी थांबवली. गौराकाकीनं मान पण वर केली नाय, हात चिखलात, नुसता आवाज ओळखला गाडीचा, आणि म्हणाली — आलं का रं देवेश? आणि मी म्हणालो, नाय अजून, काकी.

असं. एवढंच झालं. मी ठरवून नाय बोललो, तोंडातनं गेलं. अकरा वर्षं तेच म्हणत आलो, तेच गेलं. ती म्हणाली, येईल, येईल, आणि पुढची मूठ घेतली. मी उभा. लगेच म्हणायचं व्हतं ना — काकी, थांबा, आलंय, हे काय खिशात. एका श्वासाचं काम. पण त्या ओळीतल्या बाया एकेक करून वर बघायला लागल्या. एकीच्या पोराचा भरतीचा फॉर्म माझ्याकडं, एकीच्या सासूची पेन्शन, हिरामणची बायको पण त्यातच. मला वाटलं, आता मी हे सांगितलं की प्रत्येक जण विचारणार, मंग आमचं? आमचं पण पुसलंस? आणि मला तर ठाऊक नव्हतं काय काय पुसलं ते. तीनशे घरं, पाहुणे. दुकान काय, गावात तोंड दाखवायला जागा राहिली नसती. आणि आधी नाय म्हणून मंग हो म्हणायचं — लोक म्हणाले असते, म्हंजे हा खोटं पण बोलतो. समिधा बांधावरनं बघत व्हती माझ्याकडं. मी गाडी वळवली.

पाच वाजेपर्यंत इथं ह्या खुर्चीत बसून व्हतो. दर दहा मिनिटांनी वाटायचं, जावं. चार वाजता वाटलं, दोन्ही सह्या आपणच ठोकाव्या आणि पाठवून द्यावं. माझ्या नावानं जगभर खोटं चाललंच व्हतं, मी एक केलं असतं तिच्या भल्यासाठी तर काय बिघडलं असतं? पेन पण उघडलं. हात धजला नाय. खोट्या सहीला हात धजला नाय आणि खोट्या शब्दाला जीभ कशी धजली, हे मला अजून कळत नाय. पाच वाजून पाच मिनिटांनी मी ती पुसलेल्याची पेटी उघडली आणि रिकामी केली. कायमची.

मंगळवारी तिनं कुणाच्या तरी फोनवरनं इस्पितळात विचारलं. ते म्हणाले, आमी शुक्रवारीच पाठवलंय, तुमचं उत्तर आलं नाय, जागा गेली. ती शेतातनं तशीच आली, गुडघ्यापर्यंत चिखल. म्हणाली, दादा, पाठवलंय म्हणतात. मी म्हटलं, नाय आलं गं. आणि हा स्क्रीन तिच्याकडं फिरवला. म्हटलं, तूच बघ. — नाय, मी मेलेलं बरं व्हतं त्या वेळी. बघत बसली ती. अर्धा तास. त्या हजारो परत आलेल्या मेलांमधनं एकेक ओळ वाचत. चिखल वाळून फरशीवर पडत व्हता तिच्या पायाचा. शेवटी म्हणाली, पण ते खोटं कशाला बोलतील दादा? मी म्हटलं, म्हणायला काय जातं त्यांचं.

मंग चांगोकाकांनी मला चार माणसांत विचारलं. खरं सांग देवेश, आलं व्हतं का? म्हटलं, नाय काका. संपलं. गावानं काय धरलं, तर पोरगी मनानंच पास झाली, मनानंच फोन केला. बापानं पेढे वाटलेले, त्याला वाटलं पोरीनं आपलं तोंड काळं केलं. त्या दिवसापासनं बोलत नाय तो तिच्याशी. एका घरात राहतात, पाहुणे, आठ महिने झाले. ती ताट वाढते, तो जेवतो, बोलत नाय. आणि ती पण रडली-भांडली असती तर मला बरं वाटलं असतं. ती रोज सकाळी कळंबच्या टेंपोला उभी राहते, तिथं समोर, आणि सरळ माझ्याकडं बघते. ठाऊक हाय तिला. मला वाटतं ठाऊक हाय. पण बोलली तर ऐकणार कोण?

आणि कळंबची माणसं आली तेव्हा मला भीती वाटली. लग्न होऊन गेली असती तर सुटलोच असतो ना मी, असं तुमाला वाटेल. पण म्हटलं, तिकडं जाऊन ती सांगेल, नवरा शिकलेला हाय, तो इस्पितळात विचारेल, कागद निघेल. म्हणून बोललो तसं. जरा मनात आलं ते बोलून जाते म्हणून. मुद्दाम बोललो. आता झालं समाधान तुमचं? तुमच्या मुलासाठी विचारत व्हतात ना — तर ऐका, खोटं ती बोलत नाय. ह्या गावात त्या एका गोष्टीत खरं बोलणारी ती एकटी हाय. करा लग्न. डोळे मिटून करा.

हा बघा तो कागद. छापलेला. ह्या दाखल्यांच्या फायलीत ठेवलाय आठ महिने. फाडायला घेतो आणि हात थांबतो. इथं तिची सही, इथं बापाची. दोन्ही जागा कोऱ्या. वाचा. तारीख वाचा. वेळ पण हाय वर.

कुठं निघालात? — नाय, नाय, कागद ठेवा तो. तुमाला खात्री करायची व्हती ती झाली, आता सून म्हणून आणा तिला, सुखात ठेवा, विषय संपला. चांगोकाकांना कशाला? — मी नाय येणार. मी नाय येणार तिथं. बापानं तिच्याशी बोललं पाहिजे हे मला पण कळतं, मला काय काळीज नाय? लाज वाटते मला, रोज वाटते. पण लाज वाटणं वेगळं आणि चांगोकाकांच्या ओटीवर उभं राहणं वेगळं. — हात सोडा. सोडा म्हणतो.

बरं, न्या. न्या तो कागद. दाखवा त्यांना. ते मला बोलावतील, चार माणसं जमतील, मला विचारतील, देवेश, हे तू सांगितलंस? आणि मी म्हणेन, नाय काका. मी ह्या माणसाला वळखत पण नाय. कागद? कागद आजकाल कुणीपण छापतो. माझ्या नावानं कुणीतरी भलतंसलतं पसरवतं, हे तर गावाला ठाऊकच हाय. पदूच पहिला म्हणेल. आणि तुमी तर बाहेरचे.

या तुमी. शटर ओढायचंय मला. — तिकडनं नको, तिकडं पुढं रस्ता खोदलाय. देवळापासनं डावीकडं, तिसरं घर. काका आता घरीच असतील. जा. मी नाय म्हणणार.